गांधी झाल्यावर पुढे काय?

११ एप्रिल १९८३. लॉस एंजेलिसमध्ये ऑस्करची रात्र. ‘गांधी’ला आठ पुरस्कार मिळाले. त्यात वेशभूषेचा पुरस्कार कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना, जॉन मोलो यांच्यासोबत विभागून. भारताला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार गांधीजी साकारणाऱ्या बेन किंग्जली यांना.

हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ३१ डिसेंबर १९४३ रोजी यॉर्कशायरमधल्या स्नेंटन गावी जन्मलेल्या मुलाचं नाव होतं कृष्णा पंडित भानजी. वडील डॉक्टर, केनियात जन्मलेले, मूळ गुजराती खोजा घराण्यातले. आई इंग्रज. कृष्णा वाढला मँचेस्टरजवळच्या पेंडलबरीत. पुढे नट व्हायचं ठरल्यावर लक्षात आलं, की परकं नाव बघूनच इंग्लंडमधली दारं बंद होतात. मग नाव बदललं. आणि ज्याने भारतीय नाव बाजूला ठेवलं, त्यालाच भारतीय भूमिकेने जगभर पोचवलं!

पण नट घडला तो नाटकात. १९६७ साली ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाले. १९७० मध्ये पीटर ब्रुक यांनी ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ बसवलं. जंगलाचं नाटक, पण रंगमंचावर एक झाड नाही. नुसती पांढरीशुभ्र पेटी आणि वरून लोंबणारे झोके. त्यात किंग्जली डिमिट्रियस होते. १९७५ मध्ये बझ गुडबॉडी यांच्या दिग्दर्शनाखाली ते हॅम्लेट झाले. तेही स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’मध्ये, म्हणजे चक्क पत्र्याच्या शेडमध्ये. प्रेक्षक हाताच्या अंतरावर. तिथे आवाज चढवून भागत नाही. डोळ्यांत खोटेपणा असला तर पहिल्या रांगेला लगेच कळतो. कॅमेऱ्यासमोर लागणारा संयम त्यांच्याकडे आला तो इथूनच, असं मला वाटतं.

किंग्जलींचं नाव ‘गांधी’चे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांना सुचवलं अ‍ॅटनबरोंच्या मुलाने, मायकेलने. किंग्जलींनी वजन उतरवलं, चरखा शिकले. सोबत कस्तुरबा म्हणून पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी होत्या आणि गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू.

आणि मग खरी पंचाईत. आपल्याकडे नटाला एकदा देव्हाऱ्यात बसवलं, की पुन्हा खाली उतरू देत नाहीत. किंग्जली स्वतःच उतरले. १९८५ मध्ये रंगमंचावर ऑथेल्लो केला. १९९१ च्या ‘बग्सी’त गुन्हेगारी जगतातले मायर लॅन्स्की झाले. १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये कारखानदार शिंडलरचा हिशेबनीस इत्झाक स्टर्न. वाचवायच्या ज्यूंची नावं शिंडलर येरझाऱ्या घालत सांगतोय आणि स्टर्न टंकलेखन यंत्रावर यादी उतरवतोय, तो प्रसंग पुन्हा बघा. धडपड सगळी शिंडलरची, पण आपली नजर स्टर्नवरून हलत नाही.

मात्र मूर्तिभंजन म्हणावं असं काम आलं २००० साली, ‘सेक्सी बीस्ट’मध्ये. डॉन लोगन हा लंडनचा गुंड, दरोडेखोरी सोडून स्पेनमध्ये निवांत राहणाऱ्या जुन्या साथीदाराला परत न्यायला येतो. समोरचा ‘नाही’ म्हणतो, ते याच्या कानात शिरतच नाही. तोंडात अखंड शिव्या. दाढी करताना आरशातल्या स्वतःशीही भांडतो. पाठीचा कणा ताठ, मान स्थिर आणि स्फोट कधी होईल याचा नेम नाही. हाच माणूस मिठाच्या सत्याग्रहाला निघाला होता यावर विश्वास बसत नाही. ऑस्करचं नामांकन याही कामाला मिळालं.

२००२ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. नंतरच्या काळात बरंच सुमार कामही त्यांनी केलं, ते सोडून देऊ. पण २०१३ च्या ‘आयर्न मॅन ३’मधला ट्रेव्हर स्लॅटरी सोडवत नाही. जगाला थरकाप उडवणारा दहशतवादी म्हणून जो समोर येतो, तो निघतो दारूडा, पडेल नट, पैसे घेऊन भूमिका करणारा. वर ऐट अशी, की क्रॉयडनमध्ये आपला किंग लिअर गाजला होता! २०२१ च्या ‘शांग-ची’मध्ये हाच स्लॅटरी पुन्हा भेटतो. त्याला ठार मारायला नेलेलं असतं. पठ्ठ्या तिथे ‘मॅकबेथ’ करून दाखवतो आणि जीव वाचवतो.