द्राक्षबागेतलं लग्न : आधी छाटणी विचारा, मग मुहूर्त

[दृश्य : नाशिकजवळचा दिंडोरी परिसर, फेब्रुवारी. वरून दिसणाऱ्या द्राक्षाच्या ओळी.]

द्राक्षबागेत लग्न करायचं ठरलं की घरातून पहिला फोन गुरुजींना जातो, दुसरा मंडपवाल्याला. बागायतदाराला विचारलं जातं ते सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक घोळ तिथेच सुरू होतो. कारण बाग हे चालू शेत आहे आणि त्याचं वर्ष छाटणीवर चालतं.

नाशिक भागात वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये जुन्या काड्या काढून टाकणारी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. समजा, थॉमसन जातीच्या द्राक्षाचा प्लॉट १० ऑक्टोबरला छाटला. साधारण ९० दिवसांनी, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मण्यांत पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ आणि गोड व्हायला लागतात. १३० दिवसांनी, फेब्रुवारीच्या मध्याला, माल काढणीला येतो. आता पंचांग शेजारी ठेवा. तुळशीच्या लग्नानंतरचा, नोव्हेंबरअखेरचा मुहूर्त धरला तर पानं हिरवीगार, पण मणी ज्वारीएवढे आणि फवारण्या ऐन भरात. पौषात बरीच घरं लग्न धरत नाहीत. माघ-फाल्गुनात मात्र दोन्ही वेळापत्रकं जुळतात. एप्रिलअखेरचा मुहूर्त घेतलात, तर पाहुण्यांना खोडं, ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या) आणि तारा एवढंच दिसेल.

प्लॉट निवडताना आणखी एक विचारायचं: घडांना कागद लावणार का? निर्यातीच्या मालाला ऊन लागू नये, रंग एकसारखा राहावा म्हणून घड कागदात गुंडाळतात. अशा बागेतल्या फोटोत द्राक्षं नसतात, नुसत्या पुड्या लटकलेल्या दिसतात. वाइनच्या जातींना सहसा कागद लावत नाहीत, त्यामुळे शेनिन ब्लांक किंवा शिराझचा प्लॉट मिळाला तर उत्तम.

फवारणीचंही आधीच ठरवून घ्या. कार्याआधी निदान तीन दिवस त्या प्लॉटमध्ये फवारणी नको. आणि हेच शेजारच्या शेतकऱ्यालाही भेटून सांगायचं, हे हमखास राहून जातं. मग ऐन मंगलाष्टकांच्या वेळी बांधापलीकडे फवारणीचा ब्लोअर सुरू होतो. आवाज सहन होईल एक वेळ, पण औषधाचा तुषार वाऱ्यावर जेवणापर्यंत येतो.

[दृश्य : ओळीच्या टोकाचा लोखंडी ताण (खांब ओढून धरणारी तिरकी तार), त्याला बांधलेली पांढरी चिंधी.]

ओळींमध्ये अंतर असतं साधारण ८ ते १० फूट. चित्रात छान दिसतं, पण दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडल्या की मधून नवरी आणि मामा शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत. बसायची व्यवस्था ओळींच्या टोकाला, ट्रॅक्टर वळतो त्या मोकळ्या जागेत करा. तिथे एक धोका असतो. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या लोखंडी खांबाला तिरका ताण दिलेला असतो, आणि संध्याकाळी ती तार दिसत नाही. गुडघ्याच्या उंचीवर पांढरी चिंधी बांधा, पायाशी कंदील ठेवा. वेलींच्या मांडवाच्या तारांवर मोठी झुंबरं टांगू नका. त्या तारा आधीच मालाचं ओझं पेलत असतात. एलईडी दिव्यांची हलकी माळ चालते.

जमीन काळी असेल तर ठिबकचा विचार दोन दिवस आधी करायचा. मणी फुगत असताना पाणी फार दिवस तोडता येत नाही, म्हणून कार्याच्या जागेलगतच्या दोन-चार ओळींचेच व्हॉल्व्ह बंद ठेवा. चालायच्या वाटेवर काथ्याची चटई अंथरा. टाचांची चप्पल ओल्या काळ्या मातीत रुतते, आणि पैठणीच्या काठाला लागलेला चिखल तिथल्या तिथे निघत नाही.

गोरज मुहूर्त बागेला शोभतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नाशिकला सूर्य मावळतो साडेसहाच्या सुमारास. वधूवर पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे राहतात, त्यामुळे दोघांपैकी एकाच्या डोळ्यांत ऊन येणारच. बऱ्याच बागांत ओळी दक्षिणोत्तर असतात. पाहुणे ओळींकडे तोंड करून बसले की दोघंही बाजूने दिसतात आणि मागे ओळी लांबवर जातात. पश्चिमेला फक्त एक कापडी आडोसा द्या.

[दृश्य : अंतरपाट शिवणारे हात.]

हाताने करायच्या वस्तू थोड्याच घ्या, पण ज्यांच्याकडे सगळ्यांची नजर जाते अशा घ्या. त्यात अंतरपाट पहिला. अडीच मीटर लांब, सव्वा मीटर रुंद जाड सुती कापड, खाली आजीच्या जुन्या साडीचा काठ, मधोमध टाक्यांनी काढलेलं स्वस्तिक. उघड्या माळावर वारा कापडाला शीड करून टाकतो, म्हणून खालच्या दुमडीत बांबूची बारीक काठी सरकवा. लोखंडी सळई नको. अंतरपाट दूर करताना ती पायावर पडते.

तोरणाचा हिशेब असा. मध्यम आकाराची झेंडूची फुलं एका किलोत दीडशे ते दोनशे बसतात. एका फुटाला दहाच्या आसपास लागतात, म्हणजे किलोभर फुलांत १५ ते २० फूट माळ होते. प्रवेशाची कमान, चार खांब आणि होमाची जागा धरून १२० फूट लागत असेल, तर आठ किलो आणा. दाभण पाकळ्यांतून न घालता देठाजवळच्या हिरव्या वाटीतून घाला, नाहीतर फूल वाळताच सैल होऊन गळतं. फुलांवर पाणी मारायचा मोह आवरा. आतल्या पाकळ्यांत पाणी साचलं की रात्रीत काळी पडतात. माळा प्लॅस्टिकच्या पिशवीत न भरता टोपलीत ठेवा, वर ओलं, घट्ट पिळलेलं फडकं. आंब्याची पानं मात्र कार्याच्या सकाळीच ओवा.

अक्षता: पाहुण्यामागे २० ग्रॅम, दीडशे पाहुण्यांना तीन किलो. तांदूळ भिजवायचा नाही. भिजलेला दाणा वाळताना तडकतो, आणि अक्षता अखंडच हव्यात. परातीत तांदूळ पसरून चमचाभर तूप चोळा, मग तीन-चार चमचे कुंकू, वर हाताने पाण्याचा नुसता शिपका. तासभर सावलीत. वधूवरांभोवती सतरंज्या अंथरून ठेवा. तांदूळ ओळींत विखुरला की दुसऱ्या दिवशी पाखरं येतात, आणि तांदूळ टिपून झाल्यावर ती घडांकडे वळतात.

पाहुण्यांना निरोपाची भेट म्हणून ताज्या द्राक्षांची पेटी देतात. उन्हात तापलेल्या मोटारीत ती तास-दोन तास राहिली की मणी गळतात. त्यापेक्षा १०० ग्रॅम बेदाणे, खणाच्या बटव्यात. दीडशे बटव्यांना १५ किलो बेदाणे, म्हणजे जवळपास ६० किलो द्राक्षं. बटव्याला ८ बाय १२ इंचाचा तुकडा धरला, तर ३१ इंच पन्ह्याच्या खणातून मीटरला नऊ निघतात. चुकीमाकीसह १८ मीटर पुरतो. खण धुऊन, वाळवून मगच शिवा. कच्चा रंग बेदाण्यांना लागतो.

[दृश्य : बर्फाच्या घंगाळात बाटल्या.]

वाइन पंगतीत आणू नये, असं आमचं स्पष्ट मत. विधी आणि जेवण आटोपल्यावर, बाजूला, हवी त्यांच्यासाठी. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० चे पाच पेले होतात. साठ जण दोन-दोन पेले घेतील असं धरलं तर २४ बाटल्या. पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर हवी. नुसत्या बर्फात बाटली लवकर गार होत नाही. निम्मं पाणी, निम्मा बर्फ करा, अर्ध्या तासात काम होतं. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना लागतो, आणि त्या दिवशी ड्राय डे नाही ना, हेही पाहा.

शेतीपंपाच्या विजेवर लग्नाचे दिवे लावू नका. ती कोणत्या वेळी येते हे वेळापत्रकावर ठरतं, शिवाय ती जोडणी या कामासाठी नसते. आवाज न करणारा जनरेटर, वारा मंडपाकडून जिकडे वाहतो त्या बाजूला, ५० मीटर लांब. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. होमकुंडाखाली विटा आणि वाळू, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. वेलींखालचा वाळलेला पाला ठिणगीने पेटतो. अवकाळी आला तर मंडप टिकेलही, पण काळी जमीन दोन दिवस चालू देत नाही. म्हणून पॅकहाउसची (द्राक्षं पेट्यांत भरायच्या जागेची) शेड त्याच तारखेला रिकामी ठेवायला सांगा.

शेवटचं बोलणं पैशाचं, आणि ते आगाऊच्या वेळीच करायचं. कार्यानंतर बागायतदारासोबत लगतच्या ओळी फिरून तुटलेले घड मोजायचे, अंदाजे वजन काढायचं आणि त्या दिवशीच्या भावाने भरून द्यायचे. टाचण्या, तारांचे तुकडे आणि साटीनच्या फिती उचलायला दोन माणसं वेगळी ठेवा. मजुराच्या हातात कात्री असते, पण पायात बहुतेकदा साधी चप्पलच असते.