गाणं सापडतं, बंदिश सापडत नाही

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्ट्रीमिंगच्या काळातला शास्त्रीय संगीताचा श्रोता’. मला खरं बोलायचंय ते बंदिशींच्या, म्हणजे राग-तालात बांधलेल्या रचनांच्या, सूचीबद्दल, आणि ते मी बोलणारच आहे. पण ती सूची कशाला हवी, हे आधी तुम्हाला पटलं पाहिजे. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी कॅसेटचा खोका अजून माळ्यावर असणार. मागच्या रांगेतल्या मुलांनी कदाचित कॅसेट हातातही धरली नसेल. विषय दोघांचाही आहे.

या ॲप्सनी आपल्याला फार दिलंय, हे सुरुवातीलाच सांगतो. आमच्या तरुणपणी मल्लिकार्जुन मन्सुरांची नवी एलपी कुणाकडे आली, तर त्यांच्या घरी कधी येऊ असं विचारून जावं लागे, आणि चहाच्या कपापेक्षा कव्हर आधी हातात घ्यायचो. आज मन्सूर, केसरबाई, अब्दुल करीम खाँ सगळे खिशात आहेत. गाणं मिळत नाही अशी माझी तक्रारच नाही. गाण्याबरोबर जी माहिती यायची ती वाटेत कुठे सांडली, असं मी विचारतोय.

आमच्या गल्लीत एक बाई राहायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. गाणं शिकलेल्या नव्हत्या, पण ऐकण्यात अशा मुरलेल्या की भले भले गवई त्यांच्यासमोर जपून गात. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागे. मावशी जेवणं लवकर उरकून टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घालून बसायच्या. कार्यक्रम संपला की कॅसेटच्या डबीतलं कार्ड काढून निळ्या शाईने बारीक अक्षरात लिहायच्या: राग, ताल, बंदिशीचा मुखडा (म्हणजे सुरुवातीचे शब्द), तबल्यावर कोण, सारंगी की पेटी, तारीख. एका कार्डावर त्यांनी लिहिलेलं मी स्वतः वाचलंय: ‘द्रुत अर्धी. वीज गेली.’ द्रुत म्हणजे शेवटची जलद लयीतली बंदिश. दुसऱ्या एकावर, ‘अंतरा दोनदा घेतला, दुसऱ्यांदा जास्त छान.’ असा त्यांच्याकडे एक अख्खा कपाटाचा कप्पा होता.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. मुलाने भाड्याच्या घरात सामान हलवताना कॅसेट देऊन टाकल्या. मुलगा वाईट नाही हो. आईला त्याने चांगला फोन घेऊन दिला, स्पीकर घेऊन दिला आणि सांगितलं, ‘आई, आता सगळं यात आहे.’ मी भेटायला गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘अरे, तोडी लावून दे मला.’

मी शोधली. ॲपचं नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे. ‘तोडी’ म्हटल्यावर वर काय आलं? ध्यानधारणेची बासरी, कमळाचं चित्र. मग गायकाचं नाव घालून शोधलं. चार नोंदी आल्या. चारही ठिकाणी नुसतं ‘राग तोडी’. चारही चित्रांत तोच फोटो. वर्ष नाही, साथीला कोण ते नाही, मुखडा नाही. मावशींना पेटीची साथ असलेली हवी होती. ‘सारंगीवाली नको, ती नंतरची. तेव्हा आवाज जड झाला होता त्यांचा,’ असं त्या म्हणाल्या. म्हणजे ऐंशी पार केलेली ही बाई एका गायकाच्या आवाजाचा काळ साथीवरून ओळखत होती, आणि ॲपमध्ये तेवढं विचारायची सोयच नव्हती. एकेक लावून बघणं आलं. तिसऱ्यात पेटी ऐकू आली आणि मावशींचा चेहरा फुलला. विलंबित, म्हणजे आधीचा संथ लयीतला भाग, रंगत गेला. मधे एका कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात झाली, तीही त्यांनी सोसली. विलंबित संपला, द्रुत यायची, तर लागलं भलत्याच गायकाचं भजन. शफल चालू होतं, आणि बिनपैशाच्या खात्यात ते बंदच करता येईना. मावशी म्हणाल्या, ‘पानावरून उठवलंस की रे मला.’ आणि त्यांनी स्पीकर बंद केला.

हे मी इतकं सविस्तर सांगितलं, कारण आपल्याला जे जे बोलायचंय ते सगळं त्या एका दुपारी आहे. विलंबित आणि द्रुत ही त्या ॲपच्या लेखी दोन वेगळी ‘गाणी’ आहेत. आपल्या लेखी ते एकाच रागाचं एकसंध मांडणं आहे. चित्रपटगीत तीन-चार मिनिटांचं, ते आधी आलं काय, नंतर आलं काय, बिघडत नाही. सगळी यंत्रणा त्या मापाने शिवलेली आहे: गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम. रागाला, तालाला, मुखड्याला, साथीला जागाच नाही. कंपनीने जी माहिती भरून पाठवली ती ॲप दाखवतं, आणि जुन्या तबकड्यांचं डिजिटायझेशन करताना कव्हराच्या मागचा मजकूर भरायला कुणी बसलेलं नाही.

नाट्यसंगीतवाल्यांनी हसू नये, तुमची अवस्था याहून बिकट आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. 1967चं नाटक, दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं. त्यात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत आहे. नाटकातल्या पंडित भानुशंकरांच्या गायकीतली एक चाल, प्रसाद सावकारांनी गायलेली, धानी रागातली. त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब यांची दुसरी, वसंतराव देशपांडेंनी गायलेली, सालगवराळीतली. दोन घराणी एकाच शब्दांवर समोरासमोर उभी करायची, हा त्या नाटकाचा गाभाच आहे. शब्द तेच, नाटक तेच, संगीतकार तोच. ज्या यंत्रणेत राग लिहायला रकाना नाही, तिथे हा फरक नोंदवणार कुठे? वर 2015च्या चित्रपटाची गाणी आहेतच. चांगली आहेत, पण नाटक शोधणाऱ्या मुलाला आधी तीच भेटतात आणि मग तो तिथेच थांबतो. याउलट आपल्या मराठीत ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ बघा. गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा, नाटक कोणतं, राग कोणता, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. कुणी तरी प्रेमाने बसून केलं म्हणून झालं. म्हणजे अवघड आहे म्हणून होत नाही, हे म्हणणं खोटं आहे.

लिपीचा गोंधळ वेगळाच. भूप रोमनमध्ये कुणी दोन ओ घालून लिहितं, कुणी यू घालून, कुणी त्याचा भूपाली करतं. मारव्यात कुणी व्ही घालतं, कुणी डब्ल्यू. मालकंस आणि मालकौंस, ललत आणि ललित. आपल्याला हे एकच आहेत हे न सांगता कळतं. यंत्राला कुणी तरी एकदा सांगावं लागतं, आणि ते सांगितलेलं नाही.

इथे एक गंमत सांगतो, थोडं विषयांतर होईल. 1902 साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण केलं. गाणं संपताना त्या ठणठणीत आवाजात इंग्रजीत म्हणतात, ‘माय नेम इज गौहर जान.’ तबकड्या घडायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना भाषा कळत नव्हती. लेबल चुकू नये म्हणून गाणाऱ्याने आपलं नाव तबकडीतच गाडून ठेवायचं. आपल्या बंदिशकारांनी तर हे त्याच्याही कितीतरी आधी केलं होतं. ‘सदारंग’ आला की नियामत खाँ. ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाज खाँ, ‘सबरंग’ म्हणजे बडे गुलाम अली खाँ, ‘गुणीदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित. बंदिशीच्या शब्दांतच सही. तरी ॲपवर रचनाकाराच्या जागी बहुतेक वेळा ‘पारंपरिक’ असतं, किंवा गायकाचंच नाव असतं. गाणं स्वतः ओरडून सांगतंय आपण कुणाचे ते, आणि कुणी ऐकत नाही.

केरीच्या केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानाच्या सुवर्ण तबकडीवर अवकाशात गेली, हे तुम्हाला माहीतच आहे. नासाने प्रसिद्ध केलेल्या यादीत ‘जात कहाँ हो’ हा मुखडा आहे, ‘सूरश्री केसरबाई केरकर’ असं पूर्ण नाव आहे, साडेतीन मिनिटं ही लांबीही आहे. राग भैरवी एवढं लिहायचं राहिलं. तरी परग्रहावरच्या श्रोत्याची सोय बरी केली म्हणायची! (हशा)

आणि वेळेचं काय? सकाळी सात वाजता ललत संपला की ॲप आपणहून पुढचं लावतं. पहाटेच्या ललतच्या पाठोपाठ मध्यरात्रीचा दरबारी! ज्यांनी ललत ऐकला त्यांनी दरबारीही ऐकला, एवढंच त्याला ठाऊक. शास्त्रीय ऐकणारे मुळात थोडे, त्यामुळे जे आधीच फार ऐकलं जातं तेच पुन्हा पुढे येतं. एखाद्या गायकाचा यमन सगळ्यांना सुचवला जातो, आणि त्याच गायकाचा अनवट, म्हणजे क्वचितच गायला जाणारा, राग कुणापर्यंत पोचतच नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचं निम्मं वैभव अनवट रागांत आहे, मंडळी. त्या घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकरांच्या तालमीत वाढलेल्या परंपरेला ‘लोकप्रिय’ची चाळणी कशी लावणार?

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं. मग मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या श्रोत्यांनीही हेच भोगलं. त्यांच्या हाताशी मात्र सूची तयार होती. मोझार्टच्या रचनांना कोशेलने 1862 साली क्रमांक दिले. बाखच्या रचनांची सूची 1950 साली आली. क्रमांक घाला, त्या रचनेची सगळी ध्वनिमुद्रणं समोर. म्हणून त्यांच्यासाठी बर्लिनचं इडाजिओ हे ॲप निघू शकलं आणि 2023 मध्ये ॲपलने वेगळं क्लासिकल ॲप काढलं. रचनाकार आणि रचना यांच्याभोवती त्याची मांडणी आहे.

आपल्याकडे भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत बंदिशी राग-तालासकट, स्वरलिपीत बांधून दिल्या, आणि ती पुस्तकंही मराठीत. पाया तिथे आहे. त्यावर बंदिशींची सार्वजनिक सूची उभी करायची. प्रत्येक बंदिशीला एक कायमचा क्रमांक. त्याखाली मुखडा देवनागरीत, राग, ताल, रचनाकार, आणि मग त्या बंदिशीचं प्रत्येक ध्वनिमुद्रण: गायक, साथ, वर्ष, ठिकाण. ध्वनिमुद्रणाला जगभर आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक असतोच, तो बंदिशीच्या क्रमांकाला जोडायचा. घराण्याघराण्यांत शब्द बदलतात, हा आक्षेप मला नेहमी घेतला जातो. अहो, ज्ञानेश्वरीचे पाठभेद आपण तळटीपा देऊन सांभाळलेच ना? तसेच हेही सांभाळू.

हे आकाशातलं बोलणं नाही. बार्सिलोनाच्या विद्यापीठात कॉम्पम्युझिक नावाच्या प्रकल्पाने हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची राग-तालानुसार नोंदवही केली, आणि त्यासाठी म्युझिकब्रेन्झ हा खुला कोश वापरला. त्या कोशात ‘रचना’ आणि ‘ध्वनिमुद्रण’ असे दोन वेगळे कप्पे आहेत, आणि तुम्ही-आम्ही कुणीही नोंद करू शकतो. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी तबकड्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं छापल्या आहेत. साहित्य विखुरलेलं आहे, पण आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. स्पॉटिफायसारख्या सेवांवर तीस सेकंद ऐकलं की एक ‘स्ट्रीम’. पन्नास मिनिटांचा मालकंस पूर्ण ऐकला तरी एकच. 2024पासून तर तिथे आदल्या बारा महिन्यांत एक हजार स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला काहीच मिळत नाही. म्हणजे अनवट राग गाणाऱ्याच्या हातावर शून्य. माझी मागणी साधी आहे: पैसे मिनिटांवर द्या, आणि ज्या श्रोत्याने वर्गणी भरली त्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच द्या. ही दुसरी पद्धत साउंडक्लाउडने 2021 मध्ये सुरू केली, म्हणजे ती अशक्य नाही. यावर खूप बोलायचं होतं, पण वेळ नाही.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. फक्त कामाचं सांगून.

आम्ही काही जणांनी एका बंदिशीपासून सुरुवात करायची ठरवली आहे: राग जोगकंस, ‘पीर पराई’, गुणीदासांची. त्यांचे शिष्य सी. आर. व्यास आणि अभिषेकीबुवा यांच्यापासून आजच्या तरुण गायकांपर्यंत तिची जी जी ध्वनिमुद्रणं आहेत ती नोंदवायची आहेत. दाराजवळच्या टेबलावर कोरे तक्ते ठेवलेत. गायक, साथ, साल, जागा, एवढं भरा. साल आठवत नसेल तर तो रकाना मोकळा सोडा, अंदाजाने भरू नका. ज्यांच्याकडे खासगी मैफिलीचं ध्वनिमुद्रण आहे त्यांनी निघण्याआधी मला भेटा, मी प्रश्नोत्तरांनंतर इथेच आहे.