निवाडा कोणाच्या हाती: थाळनेर ते ओकिनावा

[दृश्य: तापीचं पात्र, थाळनेरच्या किल्ल्याचे उरलेले बुरूज]

शिरपूर तालुक्यातलं थाळनेर. फारुकी राजांची ही एकेकाळची राजधानी. त्यांचे मकबरे अजून गावात उभे आहेत, किल्ल्याचा बराच भाग मात्र ढासळला आहे.

२७ फेब्रुवारी १८१८ रोजी या किल्ल्यासमोर इंग्रजांची फौज येऊन थांबली. सेनापती होता सर थॉमस हिस्लॉप. जानेवारीत मंदसौरला तह झाला होता आणि होळकरांचा खानदेशातला मुलूख कंपनीकडे गेला होता. कागदावर थाळनेर इंग्रजांचं झालं होतं, पण किल्ल्यात होळकरांचा किल्लेदार तुळशीराम आणि सुमारे तीनशेची शिबंदी होती, त्यात बहुतेक अरब. दरवाज्याशी गोंधळ उडाला. आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर हल्ला झाला, दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर फौजेनं आतल्या शिबंदीची कत्तल केली. आणि तुळशीरामला त्याच दिवशी फाशी दिली.

फिर्याद हिस्लॉपची, निकाल हिस्लॉपचा, अंमलबजावणीही त्याचीच. किल्लेदाराचं म्हणणं ऐकायला मध्ये कोणी नव्हतं.

पुढच्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटमध्ये मंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी या मोहिमेबद्दल फौजेचे आभार मानणारा ठराव मांडला. तेव्हा काही सभासदांनी थाळनेरचं नाव काढलंच. हिस्लॉपचे आभार मानले गेले, पण थाळनेरच्या फाशीला ही मान्यता समजू नये, अशी पुस्ती त्याला जोडावी लागली. प्रकरण तिथे मिटलं. माणूस तापीकाठी मेला आणि त्याच्या मरणाचा न्याय-अन्याय ठरला टेम्सकाठी.

आज जगात परदेशी लष्करी तळांवरून जे तंटे चालतात, त्यांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. पाहुण्या फौजेतल्या सैनिकाच्या हातून गावातला माणूस मेला, तर खटला कोणी चालवायचा?

[दृश्य: वरणगावजवळचा महामार्ग, सकाळच्या पाळीला निघालेले कामगार]

भुसावळ–वरणगाव पट्ट्यातल्या माणसाला काडतुसाची पुंगळी काय असते, हे सांगावं लागत नाही. वरणगावच्या फॅक्टरीत साठच्या दशकापासून काडतुसं तयार होतात, कित्येक घरांचा संसार त्यावर उभा राहिला. गोळी सुटली की मागे पितळेची रिकामी पुंगळी पडते, आणि पितळेला भंगारात भाव असतो.

जपानमधल्या गुन्मा प्रांतात, सोमागाहारा इथल्या सरावाच्या मैदानावर गरीब शेतकरी बायका हेच पितळ वेचायला जायच्या. ३० जानेवारी १९५७ रोजी नाका साकाई नावाची ४६ वर्षांची बाई अशीच तिथे होती. सहा मुलांची आई. विल्यम गिरार्ड हा २१ वर्षांचा अमेरिकन सैनिक तिथे एका मशीनगनवर पहाऱ्याला होता. त्यानं आपल्या रायफलीच्या ग्रेनेड लाँचरमध्ये रिकामी पुंगळी घातली आणि उडवली. ती साकाईबाईंच्या पाठीत घुसली. त्या तिथेच गेल्या.

आता वाद सुरू झाला. अमेरिका आणि जपान यांच्यातल्या करारानुसार सैनिकानं कर्तव्य बजावताना काही केलं असेल, तर खटला चालवण्याचा पहिला हक्क अमेरिकेचा. कर्तव्याबाहेर केलं असेल, तर जपानचा. हे सूत्र १९५१ च्या नाटो देशांच्या करारातून आलं आहे आणि थोड्याफार फरकानं आजही अनेक देशांत चालतं. वाचताना न्याय्य वाटतं. पण सैनिक ड्यूटीवर होता की नव्हता, याचा दाखला देतो कोण? त्याचाच वरिष्ठ अधिकारी. गिरार्डच्या अधिकाऱ्यानं तो ड्यूटीवर होता, असा दाखला दिला. जपाननं विचारलं, भंगार वेचणाऱ्या बाईवर पुंगळी उडवणं हे कुठलं कर्तव्य?

मला या साऱ्या विषयात सर्वांत जास्त खटकतो तो हा दाखला. कोर्टाची पायरी चढण्याआधीच निम्मा निकाल त्या एका कागदावर लागून जातो, आणि मेलेल्याच्या घरच्यांचा त्या कागदात काही शब्द नसतो.

अमेरिकन सरकारनं अखेर आपला हक्क सोडायचं ठरवलं, तर तिकडे अमेरिकेत गदारोळ माजला. आपल्या पोराला परक्या कोर्टाच्या हवाली कसं करता, म्हणून. प्रकरण त्यांच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ११ जुलै १९५७ रोजी कोर्टानं एकमतानं सांगितलं की सरकार त्याला जपानच्या ताब्यात देऊ शकतं. मायेबाशीच्या जिल्हा न्यायालयात खटला उभा राहिला आणि नोव्हेंबरमध्ये शिक्षा सुनावली गेली: तीन वर्षं, तीही स्थगित. गिरार्ड एक दिवसही तुरुंगात न जाता मायदेशी परतला. बऱ्याच वर्षांनी खुल्या झालेल्या कागदपत्रांतून कळलं की आरोप सौम्य ठेवायचा, हे दोन्ही सरकारांनी आधीच गुपचूप ठरवलं होतं.

म्हणजे खटला जपानी कोर्टात चालावा, हा हट्ट जपाननं जिंकला आणि त्याच खटल्याचा जीव काढून घेतला. तरीही तो खटला तिथे चालला याला मी मोल देतो. साकाईबाईंच्या मुलखात, त्यांच्या भाषेत, उघड कोर्टात साक्षी झाल्या. थाळनेरला तेवढंही झालं नव्हतं.

[दृश्य: ओकिनावाचा नकाशा]

ओकिनावा. जपानच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम ०.६ टक्के. पण जपानमध्ये केवळ अमेरिकी फौजांच्या वापरासाठी असलेल्या लष्करी जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा या बेटांवर आहे. ४ सप्टेंबर १९९५ रोजी तीन अमेरिकन सैनिकांनी इथल्या बारा वर्षांच्या मुलीला पळवून नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला.

या वेळी ड्यूटीचा प्रश्नच नव्हता. खटला जपानचा, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. अडलं ते ताब्यावर. करारात लिहिलं होतं की आरोपी अमेरिकेच्या हाती असेल, तर जपानी कोर्टात आरोपपत्र दाखल होईपर्यंत तो अमेरिकेकडेच राहील. पोलिसांकडे पुरावा आहे, नावं आहेत, आणि आरोपी तळाच्या कुंपणाआड. महिनाअखेरीस आरोपपत्र दाखल झालं तेव्हाच ते हाती आले.

२१ ऑक्टोबरला गिनोवानमध्ये सुमारे ८५ हजार लोक जमले. गव्हर्नर मासाहिदे ओता यांनी तळांसाठीच्या जमिनींच्या भाडेकरारांचं काम पुढे सरकवायला नकार दिला आणि टोकियोचं सरकार अडचणीत आलं. त्याच महिन्यात अमेरिकेनं एवढं कबूल केलं की खून आणि बलात्काराच्या प्रकरणांत आरोपपत्राआधीच ताबा देण्याच्या मागणीचा सहानुभूतीनं विचार करू. मूळ करारातला शब्द मात्र बदलला नाही. विचार करू, देऊ असं नाही. मार्च १९९६ मध्ये नाहाच्या कोर्टानं तिघांना साडेसहा ते सात वर्षांची शिक्षा दिली.

[दृश्य: नंदुरबार, हुतात्मा शिरीषकुमार यांचं स्मारक]

आपल्याकडे परदेशी तळ नाही, म्हणून हा विषय परका वाटेल. पण ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, त्याच साली दिल्लीच्या इंग्रज सरकारनं एक वटहुकूम काढला होता. महायुद्धासाठी हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांवर इथल्या कोर्टात फौजदारी खटला चालणार नाही, असा. आपल्या जमिनीवर घडलेल्या गुन्ह्याचा अधिकार आपल्याला न विचारता सोडून दिला गेला.

स्वतंत्र भारतातही तसं दुखणं वाट्याला आलं. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापलीकडे, एन्रिका लेक्सी या इटालियन तेलवाहू जहाजावर रक्षणाला असलेल्या दोन नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि आपले दोन मच्छीमार मारले गेले. हे दोघे पुढे मतदानासाठी इटलीला गेले, इटलीनं त्यांना परत पाठवायला नकार दिला, तेव्हा आपल्या सुप्रीम कोर्टानं इटलीच्या राजदूतालाच देश सोडू नका म्हणून बजावलं. इतका ताण वाढला होता. नौसैनिक परत आले, पण खटला इथे संपला नाही. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं निकाल दिला की ते इटलीच्या सरकारी कामावर होते, भारतात त्यांच्यावर खटला चालू शकत नाही. इटलीनं भरपाई द्यावी आणि तपास तिथे करावा. पुन्हा तेच, ड्यूटी. दहा कोटी रुपये आले, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं इथला खटला बंद केला. २०२२ मध्ये रोममध्येही प्रकरण बंद झालं.

पैसे मिळाले, साक्ष कुठेच झाली नाही. मला ही तडजोड पटत नाही.

[दृश्य: सैन्य भरतीसाठी पहाटे धावणारी मुलं, धुळ्याचं मैदान]

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या घरातली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतानं आजवर अडीच लाखांहून अधिक सैनिक पाठवले. आपल्या खेड्यापाड्यांतली मुलं कांगो, दक्षिण सुदानसारख्या देशांत पहारा देतात. तिथे त्यांच्या हातून गुन्हा घडला, तर त्या देशाचं कोर्ट त्यांना हात लावू शकत नाही. शांतिसेनेच्या करारांप्रमाणे फौजदारी अधिकार सैनिक पाठवणाऱ्या देशाकडेच राहतो. अनोळखी मुलखात, जिथे कोर्टंच धड उभी नाहीत तिथे, आपल्या मुलाला असं संरक्षण हवं असं त्याच्या आईला वाटणारच, आणि ते चूक नाही. पण मग कांगोतल्या आईला काय सांगायचं? निदान इतकं तरी करता येईल: खटला आपल्या लष्करी न्यायालयात चालवा, पण तो तिथे, त्या गावाजवळ बसवा. साक्षीदारांना दुभाषा द्या. निकाल त्यांच्या भाषेत त्यांच्या हातात द्या.

असे करार करायला आपल्या राज्यघटनेत संसदेची आधी मंजुरी लागत नाही. सरकार सही करतं, आपल्याला नंतर कळतं. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चार मतदारसंघांतून आपले खासदार लोकसभेत बसतात. परदेशी फौजेशी किंवा आपली फौज परदेशी पाठवण्याशी संबंधित कुठल्याही करारावर सही होण्याआधी, त्यातलं फौजदारी अधिकाराचं कलम सभागृहात वाचून दाखवा, ही मागणी त्यांच्याकडे करायला कोणाची परवानगी लागत नाही.