पेज पातळ कशानं झाली?

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी या टेबलावरच्या दोन वाट्या बघून घ्या. दोन्हींत नाचणीची पेज आहे, एकाच पातेल्यात शिजवलेली. वाटीभर पाण्याला तीन मोठे चमचे पीठ, म्हणजे चांगलीच घट्ट. डावीकडच्या वाटीत चमचा उभा राहतोय. उजवीकडच्या वाटीत मी मघाशी मोड आलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ घालून ढवळलं. पाच मिनिटं झाली असतील. आता ही वाटी तिरकी करते. बघा, ताकासारखी वाहतेय. पाण्याचा एक थेंबही वाढवलेला नाही.

आज मला एवढंच सांगायचं आहे, की या वाटीत काय झालं.

नाचणीच्या पिठात मुख्यतः स्टार्च असतो. ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकापुढे एक जोडले, की स्टार्चची माळ होते. पीठ शिजतं तेव्हा या लांबलचक माळा पाणी धरून फुगतात आणि एकमेकींत गुंततात. घट्टपणा येतो तो या गुंत्यामुळे. माळ मधेच चार ठिकाणी तोडली तर गुंता सुटतो आणि पेज पातळ होते. पण ग्लुकोजचे मणी तेवढेच राहतात. पेज पातळ झाली, तिच्यातलं अन्न कमी झालं नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

माळ तोडायला पाण्याचा एक रेणू त्या सांध्यात शिरावा लागतो. नुसत्या पाण्यातही हे घडतं, पण इतकं सावकाश, की माणसाच्या जन्मात दिसणार नाही. 1811 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्खॉफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं स्टार्च पाण्यात घालून सल्फ्युरिक आम्लाबरोबर तासन् तास उकळला, तेव्हा साखर मिळाली. आम्ल आणि उकळणं, दोन्ही लागलं. इथं मात्र चमचाभर पीठ, चुलीवरून उतरवलेली पेज आणि पाच मिनिटं पुरली. त्या पिठात एक विकर आहे, अमायलेज. शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात, बोलताना आपण एन्झाइमच म्हणतो.

दाण्यात ते कशासाठी येतं? दाण्यातला स्टार्च म्हणजे रोपट्याची शिदोरी. पण ती बंद कोठारात आहे. दाणा भिजला, मोड फुटायला लागला, की दाणा अमायलेज तयार करतो आणि स्टार्च तोडून कोवळ्या कोंबाला साखर पुरवतो. आपण त्या कोंबाचं हत्यार उसनं घेतो.

1833 साली पॅरिसमध्ये पायाँ आणि पेर्सो या दोघांनी मोड आलेल्या जवाच्या पाण्यात अल्कोहोल घातलं. तळाशी पांढरा साका बसला. तो वाळवून ठेवला तरी त्याचा गुण जाईना. चिमूटभर साका भरपूर स्टार्च पातळ करी. त्याला त्यांनी डायस्टेज हे नाव दिलं, म्हणजेच आपलं अमायलेज. वेगळं काढून नाव दिलेलं हे पहिलं विकर. पुढे वाद पेटला, की अशा क्रियांना जिवंत पेशीच लागते का? 1897 मध्ये एडुआर्ट बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी उरली नव्हती, तरी त्या रसानं साखर आंबवली. त्यासाठी 1907 चं नोबेल मिळालं. आणि हे विकर मुळात असतं काय, याचं उत्तर 1926 मध्ये जेम्स समनर यांनी दिलं. आपल्या अबईच्या जातकुळीतल्या शेंगेच्या दाण्यांतून त्यांनी युरिया तोडणाऱ्या विकराचे स्फटिक काढले आणि ते प्रथिन असल्याचं दाखवलं. सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात त्यांचा एक हात गेला होता. एका हातानं, नऊ वर्षं खपून केलेलं हे काम. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचा धागा. तो विशिष्ट घड्या घालून बसतो आणि त्यात एक खोबण तयार होते. स्टार्चची माळ तिथं बरोबर बसते, ताणली जाते, सांधा उघडा पडतो, पाण्याला वाट मिळते. तुकडे सुटतात आणि विकर जसंच्या तसं पुढच्या माळेकडे वळतं. ते खर्ची पडत नाही, म्हणून चमचाभर पीठ पुरतं. पण घड्या मोडल्या की सगळं संपलं. उकडलेलं अंडं परत पातळ होत नाही ना, तसंच.

ही चूक माझ्या हातून झाली आहे. माझ्या नातीसाठी पहिल्यांदा हे पीठ केलं तेव्हा मोड आलेली नाचणी वाळवून मी सवयीनं कढईत खरपूस भाजली. वास छान सुटला, पण पेज पातळ होईना. विकर कढईतच गेलं होतं.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं त्याकडे येते. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं अन्न सुरू होतं. त्याचं पोट लहान. घट्ट पेज त्याला गिळवत नाही, म्हणून आई पाणी वाढवते. वाटीत जेमतेम चमचाभर पीठ उरतं, म्हणजे 10 ग्रॅम, म्हणजे 30-35 कॅलरी. पोट भरतं, बाळ मात्र उपाशीच. याच अडचणीवर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात मोड आलेल्या धान्याच्या पिठावर काम केलं. तिप्पट पीठ घालून घट्ट पेज शिजवा, वर हे पीठ चमचाभर घाला, की बाळाला गिळता येईल अशी होते. त्याच वाटीत तिप्पट अन्न. आणि तान्ह्या वयात बाळाचं स्वतःचं अमायलेज अजून पुरेसं तयार होत नसतं, तिथंही या पिठाचा हातभार लागतो.

करायचं कसं? नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, मोड चोळून काढायचे आणि दळायची. भाजायची असेल तर नावापुरती, अगदी मंद आचेवर. पेज आधी पूर्ण शिजवून खाली उतरवायची, उकळी बसली की मग पीठ घालून ढवळायचं. रटरटत्या पेजेत घातलं, तर काम व्हायच्या आधीच विकर मरेल. पातळ झाली की मात्र पुन्हा चुलीवर ठेवून एक चांगली उकळी काढायची, कारण मोडांच्या ओलाव्यात जंतूही वाढलेले असू शकतात. आता विकर गेलं तरी चालतं, त्याचं काम झालेलं आहे.

अंगणवाडीच्या ताई बसल्या आहेत ना पुढे? दोघी वर या. या डब्यात अजून गरम पेज आहे, ती दोन वाट्यांत काढा. हे सावलीत वाळवलेल्या नाचणीचं पीठ आणि हे मी मुद्दाम खरपूस भाजून आणलेलं. एकेक चमचा घाला आणि ढवळत राहा. बाकीच्यांनी घड्याळ लावा.