नाव झाकलेला कागद

(दृश्य: युनिटचं ऑफिस, संध्याकाळ. टेबलावर एक फॉर्म आणि पेन.)

कमांडिंग ऑफिसर (सीओ) आपल्या हाताखालच्या एका मेजरचा वार्षिक गोपनीय अहवाल भरतोय. फौजेत याला एसीआर म्हणतात. एकेका गुणापुढे आकडा टाकायचा असतो. 9 म्हणजे असामान्य. 8 किंवा 7 म्हणजे सरासरीच्या वरचा. पेन 8 लिहायला टेकतं आणि थांबतं. मेजर चांगला आहे, यात शंका नाही. पण 9 द्यावेत इतका?

या आकड्याचा हिशेब कित्येक वर्षांनी होईल. तेव्हा हा सीओ निवृत्तही झालेला असेल.

(दृश्य: परेडचं मैदान. खांद्यावरचे तारे जवळून.)

भारतीय सैन्यात लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती ठरलेल्या मुदतीनं मिळते. परीक्षा आणि बाकीच्या अटी पूर्ण असतील तर 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर, 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. त्यानंतर मात्र निवड. ती करतात सिलेक्शन बोर्डं, म्हणजे निवड समित्या: कर्नलसाठी नंबर 3 सिलेक्शन बोर्ड, ब्रिगेडियरसाठी नंबर 2, मेजर जनरलसाठी नंबर 1 आणि लेफ्टनंट जनरलसाठी स्पेशल बोर्ड. प्रत्येक पायरीला जागा कमी होत जातात. कितीतरी उत्तम अधिकारी कर्नलच्या उंबऱ्यावरच थांबतात, कारण पुढे तेवढ्या खुर्च्याच नसतात.

बोर्डासमोर अधिकारी स्वतः जात नाही. मुलाखत नाही, प्रश्न नाहीत. समोर येतो त्याच्या सगळ्या सेवेचा गोषवारा, आणि तो कुणाचा आहे हे सदस्यांना कळू नये म्हणून ओळख झाकलेली असते. 2009 साली आलेल्या पद्धतीत 100 पैकी 95 गुण कागदावरच ठरत होते: एसीआर, कोर्स, शौर्यपदकं. बोर्डाच्या स्वतःच्या मतासाठी उरले फक्त 5. त्यातही बोर्ड शिफारसच करतं. मंजुरी लष्करप्रमुखांची किंवा केंद्र सरकारची.

पहिल्यांदा नाव आलं नाही, तर आणखी दोन संधी मिळतात. तिन्ही वेळा नाही आलं, की अधिकारी कायमचा ‘सुपरसीड’ झाला, म्हणजे बढतीत मागे पडला. नोकरी चालू राहते. काल ज्याला हुकूम दिला, त्याला उद्या सॅल्यूट करायचा असतो. आणि तो केला जातो, तितक्याच कडकपणे. हे मला फार मोठं वाटतं.

(दृश्य: साउथ ब्लॉक, बाहेरून.)

सर्वात वरच्या खुर्चीसाठी बोर्ड नसतं. लष्करप्रमुख सरकार नेमतं. बहुधा सर्वात ज्येष्ठ अधिकाऱ्याला, पण नेहमीच नाही. 1983 साली लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ असताना जनरल अरुणकुमार वैद्य प्रमुख झाले. वैद्यांकडे दोन महावीर चक्रं होती. सिन्हांनी राजीनामा दिला. 2016 साली जनरल बिपिन रावत दोन ज्येष्ठांना मागे टाकून प्रमुख झाले. अशा नेमणुकांची चर्चा महिनोन् महिने चालते. खालच्या बोर्डांची बातमी क्वचितच होते, खरं तर जास्त आयुष्यं तिथे वळतात.

(दृश्य: पुन्हा तोच फॉर्म.)

म्हणून परत त्या पेनाकडे. एसीआर तीन हातांतून जातो: आधी जवळचा वरिष्ठ, मग त्याचा वरिष्ठ, मग त्याच्याही वरचा. एकाचा राग किंवा एकाची मर्जी यावर अधिकाऱ्याचं भवितव्य टांगू नये, हा हेतू. पण मधल्या काळात हात सैल होत गेला. सगळेच आपल्या पोरांना भरभरून गुण देऊ लागले, की प्रामाणिकपणे दिलेला 7 हीच शिक्षा ठरते. मग निवड दशांशावर येते. बटालियनला युद्धात नेणारा माणूस दशांशानं ठरावा, हे मनाला पटत नाही.

आणि हात सैल न होता नुसताच बेफिकीर झाला तर? त्याचं उत्तर 25 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयात मिळालं. शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या नेमणुकीवर आलेल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणूक द्यायची की नाही, हे ठरवताना त्यांचे सुरुवातीच्या वर्षांचे एसीआर धरले होते. ते लिहिले गेले तेव्हा या मुलींना पुढे मोठी वाट आहे, असं लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच नव्हतं. कशाला विचार करायचा, असे भरलेले अहवाल. लेफ्टनंट कर्नल नितीशा आणि इतरांच्या या खटल्यात न्यायालयानं त्या पद्धतीला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं.

(दृश्य: गणवेशातल्या स्त्री अधिकारी, पाठमोऱ्या.)

जानेवारी 2023. स्त्री अधिकाऱ्यांसाठी खास नंबर 3 बोर्ड बसलं. कर्नलच्या 108 जागा, आणि समोर 244 जणींची नावं, 1992 च्या बॅचपासून 2006 च्या बॅचपर्यंत. त्यांतल्या सर्वात जुन्या अधिकाऱ्यांचा पहिला एसीआर लिहिला गेला, त्याला तोवर जवळपास तीस वर्षं झाली होती.