गेट कोणत्या रस्त्यावर उघडतं?

नमस्कार, श्रोतेहो.

शाळा हवी, दवाखाना हवा, अंगणवाडी हवी, लग्नाचा हॉल तर हवाच हवा. आणि सगळं चालत जाता येईल इतकं जवळ हवं. फक्त आपल्या खिडकीसमोर नको. विकास आराखड्याच्या सुनावणीला कुठल्याही शहरात जाऊन बसा, हेच गाऱ्हाणं फिरून फिरून कानावर पडतं. काही जण त्याला स्वार्थ म्हणतात. मी म्हणणार नाही. ज्याच्या कुंपणाला लागून मंगल कार्यालयाचा भटारखाना आहे, त्याच्या घरात मध्यरात्रीपर्यंत पातेल्यांचा खणखणाट येतो. त्याची तक्रार खरीच आहे. पण त्यावर तो जो उपाय सांगतो, की हे सगळं गावाबाहेर न्या, तो मात्र चालण्यासारखा नाही.

का नाही, ते आकड्यांतच बघू. केंद्र सरकारने 2014 साली नगरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत 2,500 वस्तीमागे एक बालवाडी, 5,000 मागे एक प्राथमिक शाळा, 15,000 मागे एक दवाखाना आणि एक समाजगृह असा हिशेब आहे. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी 1 किलोमीटरच्या आत शाळा मागतो. आता एखाद्या उपनगरातला नव्या सोसायट्यांचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. चारशे-चारशे घरांच्या तीन सोसायट्या झाल्या की जवळजवळ पाच हजार माणसं झाली. म्हणजे दर तीन सोसायट्यांमागे एक शाळा. ती गावाबाहेर नेऊन ठेवली, तर पहिलीतलं पोर रोज बसमध्ये कोंबावं लागणार. वस्तीत शाळेची घंटा वाजणारच, त्याला इलाज नाही.

कोणती गोष्ट कुठे असावी हे नकाशावर ठरवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा 1915 साली आला, देशातला पहिला. आज लागू आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्याखाली शहराचा विकास आराखडा होतो, ज्याला आपण सगळे डीपी म्हणतो. त्या नकाशावर राहण्याचा विभाग पिवळ्या रंगात असतो. जागा कोणत्या विभागात येते ते सांगणाऱ्या झोन दाखल्यावर 'रहिवास विभाग' असं वाचलं की घर घेणारा निश्चिंत होतो, आता आजूबाजूला फक्त घरंच येणार म्हणून. तसं नाही, बरं का. पिवळ्या रंगात शाळा बसते, दवाखाना बसतो, रस्ता पुरेसा रुंद असेल तर मंगल कार्यालयसुद्धा बसतं.

खरी मेख त्या रस्त्यातच आहे. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडून राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, कार्यालयांत तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात कुठली इमारत कुठे चालेल याचं उत्तर बरंचसं रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. रुग्णालय किंवा मंगल कार्यालय बांधायचं तर सर्वसाधारणपणे 12 मीटरचा रस्ता लागतो आणि इमारतीच्या चारी बाजूंना 6 मीटर मोकळी जागा सोडावी लागते. या मोकळ्या जागेला नियमांच्या भाषेत सामासिक अंतर म्हणतात. ते कशासाठी? अग्निशमन दलाचा बंब आत फिरावा म्हणून. उजेड-वारा मिळावा म्हणून. शेजाऱ्याच्या झोपेचा विचार त्यात ओघानेच आला तर आला.

आणि प्रत्यक्षात त्या सहा मीटरांत काय होतं? तिथे जनरेटर येऊन बसतो. मंडप ताणला जातो, आचाऱ्याच्या शेगड्या लागतात, भांडी घासायची मोरी होते. बंब कुठून जाणार, हा प्रश्न वेगळाच.

जनरेटरचं गणित जरा उलगडून सांगतो, कारण ते ऐकलं की सगळा वाद कळतो. नियमाप्रमाणे डिझेल जनरेटरला ध्वनिरोधक आवरण लागतं आणि आवरणापासून 1 मीटरवर आवाज 75 डेसिबलच्या वर जाता कामा नये. आता मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. एका मीटरवर 75, दोन मीटरवर 69, चारवर 63, आठवर 57. पण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा आहे 45 डेसिबल. म्हणजे जनरेटर अगदी कायदेशीर, सामासिक अंतरही नियमाप्रमाणे, आणि तरीही शेजारच्या बेडरूमपर्यंत पोहोचणारा आवाज मर्यादेच्या कितीतरी वर. तोच जनरेटर मुख्य रस्त्याच्या अंगाला ठेवला असता, मध्ये इमारत आडवी आली असती, तर बराच फरक पडला असता. खर्च? नकाशावरची एक चौकट इकडून तिकडे नेण्याचा.

म्हणून मला असं वाटतं की सुविधा घरांपासून किती दूर, यावर आपण फार भांडतो आणि तिचं तोंड कुणीकडे, यावर फार कमी. कोपऱ्याचा भूखंड असतो. एका बाजूला 18 मीटरचा रस्ता, दुसऱ्या बाजूला वस्तीतली 9 मीटरची गल्ली. परवानगी मिळते ती मोठ्या रस्त्याच्या जोरावर, आणि रोजच्या वापराचं गेट उघडतं गल्लीत, कारण मोठ्या रस्त्यावर गाड्या उभ्या करू देत नाहीत. शाळा असेल तर सकाळी सात वाजता रिक्षा आणि व्हॅनची रांग गल्लीत. हॉल असेल तर वरात गल्लीत, घोडा गल्लीत, फटाके गल्लीत. माझ्या हाती असतं तर अशा प्रत्येक परवानगीत एक ओळ सक्तीची केली असती: ये-जा त्याच रस्त्याने, ज्याच्या रुंदीवर परवानगी मागितली. भटारखान्याचा धूर छपराच्या वर सोडायचा, शेजारच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नव्हे, हेही त्यातच लिहिलं असतं.

लगेहात उताराचंही सांगतो. आपली समाजमंदिरं दीड फुटाच्या जोत्यावर उभी असतात आणि पुढे तीन-चार पायऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठी उतार 1 ला 12 लागतो, म्हणजे दीड फूट चढायला 18 फूट लांबी. ती सुरुवातीलाच आखली नाही तर नंतर दारात एक घसरगुंडी बांधली जाते आणि तिच्यावर चपलांचा ढीग पडतो. वाचनालयाला येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात, हे आराखडा काढणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

आता एक प्रसिद्ध उदाहरण. दादरचं शिवाजी पार्क. 1925 साली मैदान लोकांसाठी खुलं झालं, 1927 साली त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. चहूबाजूंनी घरं आणि मध्ये सभांचं, क्रिकेटचं, दसऱ्याच्या मेळाव्याचं मैदान. रहिवासी आवाजाला कंटाळून उच्च न्यायालयात गेले आणि 2010 साली तिथे शांतता क्षेत्र लागू झालं. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीचा 100 मीटरचा पट्टा, ही त्यामागची कल्पना. पण म्हणून मैदान बंद झालं का? नाही. 26 जानेवारी, 1 मे, 6 डिसेंबर अशा दिवसांना वाट ठेवली गेली. मैदान हलवता येत नव्हतं, घरंही हलवता येत नव्हती, तेव्हा दिवस वाटून घेतले. वाद त्यानंतरही होत राहिले, ते होणारच. तरी मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. वस्तीतल्या प्रत्येक समाजमंदिराला असं वेळापत्रक घालून देता येईल.

काही मंडळी म्हणतील, साहेब, आमच्याकडे त्रास द्यायला सुविधाच नाही. तेही खरं. आराखड्यात शाळेचं, दवाखान्याचं आरक्षण पडतं, म्हणजे एखाद्याची जागा त्या कामासाठी राखली जाते, आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. आराखडा मंजूर झाल्यापासून 10 वर्षांत ती घेतली नाही, तर त्याच 1966 च्या अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर पूर्वी सहा महिने मिळत, मग बारा झाले, 2015 पासून चोवीस महिने आहेत. तेवढ्यात पालिकेने जागा घेतली नाही तर आरक्षण संपलं. तिथे मग इमारत उभी राहते आणि तिच्यात राहायला आलेली कुटुंबंच पुढे विचारतात, जवळ शाळा का नाही?

दुसरा मार्ग समावेशक आरक्षणाचा. मालकाने सुविधा बांधून पालिकेच्या हवाली करायची आणि उरलेल्या क्षेत्रावर स्वतःचं बांधकाम करायचं. कागदावर छान. मात्र दवाखाना दुकानांच्या डोक्यावर आणि वाचनालय मागच्या जिन्याने, असं झालं तर ती सुविधा फक्त आकडेवारीत उरते. मोठ्या गृहप्रकल्पांत सोडावे लागणारे सुविधा भूखंड ही तिसरी वाट. 2021 साली पुण्यात हेच भूखंड तीस वर्षांच्या भाडेकराराने द्यायचा प्रस्ताव आला आणि बराच गदारोळ झाला. ज्या वस्तीसाठी जागा सुटली त्या वस्तीला न विचारता ती भाड्याने देणं मला पटत नाही.

विचारण्यावरून आठवलं. एखाद्या इमारतीला बांधकाम परवानगी देताना शेजाऱ्याचं म्हणणं ऐकून घेण्याची पद्धत आपल्याकडे नाही. पाया खणायला जेसीबी आला की कळतं, इथे रुग्णालय होतंय. तोपर्यंत नकाशा मंजूर झालेला असतो. अशा वेळी जागेवरच्या फलकावरून परवानगीचा क्रमांक टिपून घ्या आणि माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा मागा. नकाशात तळमजल्यावर पार्किंग दाखवलं असेल आणि तिथे पंगती बसत असतील, तर तो बदललेला वापर आहे. कायद्याच्या लेखी परवानगीशिवाय वापर बदलणं हे अनधिकृत बांधकामाच्याच पंक्तीला बसतं आणि त्यावर नोटीस काढता येते. नुसतं 'आवाज होतो' असं लिहिण्यापेक्षा हे जास्त टोकदार.

पण तुमचं म्हणणं कायद्याने ऐकावंच लागेल अशी वेळ त्याच्या खूप आधी येते: प्रारूप आराखडा, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध होऊन हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा. किंवा नंतर कलम 37 खाली एखादं आरक्षण बदलायचं घाटतं, त्याची सूचना वर्तमानपत्रात येते तेव्हा. प्रारूपावर आलेल्या हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. त्यांच्यापुढे 'आम्हाला हे नको' असा पन्नास सह्यांचा एकच अर्ज फार काळ टिकत नाही. सर्व्हे नंबर लिहा, आरक्षणाचा क्रमांक लिहा, समोरच्या रस्त्याची रुंदी मोजून लिहा. सुविधा ठेवा पण प्रवेश अमुक रस्त्याने द्या, मैदानाची बाजू घरांकडे आणि इमारत रस्त्याकडे घ्या, असं नेमकं मागा. सोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडला तरी चालतो. अर्ज मुदतीत द्या, आवक-जावक खिडकीवर शिक्का मारलेली पोच घ्या आणि सुनावणीच्या दिवशी तीच प्रत बरोबर न्या.

नमस्कार.