राबणाऱ्या टेकडीवर, दुसऱ्यांदा

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या घरी सोलापुरी चादर असेल, तर आज ती जरा उजेडात धरून बघा. तिच्यावरचा मोर छापलेला नसतो. प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कुठले उभे धागे वर उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे, हे आधी ठरवून तो विणलेला असतो. म्हणून तर चादर उलटली की तोच मोर रंग बदलून मागच्या बाजूलाही दिसतो.

माझ्या यजमानांनी आयुष्यभर हे ठरवण्याचं काम केलं. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत नक्षी काढायची आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. मागावरच्या यंत्रात ते कार्ड आलं, की भोक असेल तिथून सुई आत जाते आणि तिचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथं सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, घराघरांत ज्याला जॅकार्ड म्हणतात, ते हे यंत्र. आता जॅकार्ड हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ मारी जॅकार्ड १७५२ साली फ्रान्समधल्या लिऑन शहरात, विणकराच्या घरात जन्मला आणि १८०४ च्या सुमारास त्यानं हे यंत्र उभं केलं. त्याआधी नक्षीचे दोर ओढायला मागाशेजारी एक जादा माणूस लागायचा, बहुतेक वेळा लहान पोर.

त्या लिऑनला आम्ही दोघं दोनदा गेलो. पहिल्यांदा १९९६ साली आणि दुसऱ्यांदा २०२४ साली. मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली.

पहिल्या वेळी कापड व्यवसायातल्या लोकांची सहल होती. मुलांना सासूबाईंकडे ठेवलं, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई गाठली आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो. लिऑनला जेमतेम दीड दिवस होता. शहराच्या दोन बाजूंनी दोन नद्या येतात, ऱ्होन आणि सोन, आणि दक्षिणेला एकमेकींना मिळतात. दोन टेकड्या आहेत. फूर्व्हिएरवर मोठं चर्च, म्हणून तिला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात. दुसरी क्रुआ-रूस, विणकरांची, ती राबणारी टेकडी. मला दोन्ही नद्यांचा संगम बघायचा होता. हे मात्र राबणाऱ्या टेकडीवर जे चढले, ते खाली यायलाच तयार नव्हते.

तिथं विणकरांचं एक जुनं घर जपून ठेवलंय. रेशीम विणणाऱ्या या लोकांना कान्यू म्हणत. जॅकार्डचं यंत्र मागाच्या डोक्यावर बसतं, म्हणून त्यांच्या खोल्यांची छतं चार-चार मीटर उंच. खाली माग आणि वर लाकडी पोटमाळ्यावर कुटुंब झोपणार. मी बघत राहिले, कारण साखर पेठेतलं आमचं जुनं घर तसंच होतं. पुढे माग, मागे चूल, आणि पोरांचा अभ्यास मधल्या जागेत. एका बाईंनी माग चालवून दाखवला. त्या आवाजाला तिथले लोक ‘बिस्तांक्लाक’ म्हणतात. आपण खटखट म्हणतो तसंच. यांनी डोळे मिटले आणि मला म्हणाले, “अगं, हा दादांच्या मागाचा आवाज आहे.” दादा म्हणजे माझे सासरे. त्यांचा हातमाग विकून वीस वर्षं झाली होती.

दोन तास गेले. संगम राहिला. उतरताना जिन्यावर मी यांच्याशी खूप भांडले, आणि गाडीत बसेपर्यंत बोलले नाही.

त्या भांडणातही एक गोष्ट लक्षात राहिली होती. टेकडीवर एका आंधळ्या भिंतीवर, म्हणजे बिनखिडक्यांच्या भिंतीवर, बाराशे चौरस मीटरचं चित्र आहे. त्यात त्याच वस्तीतली घरं, वर चढत जाणारा जिना आणि रोजची माणसं रंगवलेली आहेत. १९८७ सालचं ते काम. लांबून खरी गल्लीच वाटते.

मधल्या वर्षांत सोलापुरात काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको. यांच्या हाताखालची कार्डं गेली आणि नक्षी कॉम्प्युटरवर आली. ती विद्याही यांनी पन्नाशीत शिकून घेतली. पण यंत्रमागांच्या शेडमध्ये इतकी वर्षं उभं राहून कान गेले. मागावरच्या किती माणसांचे जातात! घरातलं कुणी हाक मारून थकतं आणि माणूस हट्टी झालाय, असं समजतं. मीही कितीतरी दिवस तसंच समजत होते. श्रोतेहो, तुमच्या घरात मागावरचं कुणी असेल, तर त्यांचे कान एकदा तपासून घ्या. कानात आवाज अडवणारे बोळे, म्हणजे इअरप्लग, घालून काम करायची सवय आम्हाला कुणी लावली नाही. तुम्ही ती लावा.

मुलीनं २०२४ मध्ये तिकिटं काढून दिली. पॅरिसहून रेल्वेनं दोन तासांत लिऑन. फ्रँक जाऊन युरो आलेला, गुडघे माझेही पूर्वीचे नाहीत, त्यामुळे टेकडीवर दातेरी रुळाच्या मेट्रोनं जायचं ठरवून आले होते. पण सकाळी हे म्हणाले, “आधी संगम. तुझा राहिलाय.”

अठ्ठावीस वर्षांत यांनी ते भांडण एकदाही काढलं नव्हतं.

संगमाच्या टोकाशी आता काचेचं आणि पोलादाचं मोठं संग्रहालय झालंय, २०१४ साली उघडलेलं. आम्ही त्याच्या पलीकडे, अगदी पाण्यापर्यंत गेलो. आल्प्सकडून येणारी ऱ्होन हिरवट आणि घाईची, सोन संथ आणि मातकट. मिळाल्यावरही थोडं अंतर दोन्ही पाणी वेगवेगळं ओळखू येत होतं. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा कुठं गेलो असू, तर एसटीनं हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर. ते आठवून मी काहीतरी बोलले. यांना ऐकू गेलं नाही, पण यांनीही बोट करून म्हटलं, “कुडल.”

दुपारी टेकडीवर. वाटेत त्राबूल पाहिले. घरांच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर नेणाऱ्या या बोळांतून विणलेलं रेशीम पावसात न भिजता जायचं. १८३१ मध्ये विणलेल्या कापडाला ठरलेला दर मिळावा म्हणून इथले विणकर उठले, आणि काही दिवस शहर त्यांच्या हाती होतं. काम करून जगू, नाहीतर लढत मरू, ही त्यांची घोषणा. मग सैन्य आलं. सोलापूरच्या माणसाला हे वाचताना १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांनी आपल्या शहरावर लादलेला लष्करी अंमल, आठवल्याशिवाय राहत नाही. मी त्या बोळात चप्पल काढून क्षणभर उभी राहिले, त्या मार्शल लॉनंतर फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी राहते तशी.

भिंतीवरचं चित्र मात्र मला ओळखू येईना. नंतर कळलं, १९९७ साली आणि पुन्हा २०१३ साली ते नव्यानं रंगवलंय. वस्ती बदलली तसं चित्र बदललं, आणि चित्रातल्या माणसांची वयंही वाढवली. जुन्या फोटोशी मी ताडून पाहत बसले. किती प्रेमानं केलेलं काम आहे हे! आम्ही त्या रंगवलेल्या जिन्याखाली फोटो काढला, १९९६ मध्ये उभे होतो तिथंच.

विणकराच्या घरात माग सुरू झाला, तेव्हा यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. मोठ्या आवाजात ते नुसतं करकरतं. हे शेजारच्या लाकडी खांबाला तळवा लावून शेवटपर्यंत उभे राहिले. मी या वेळी घड्याळ पाहिलं नाही.

रात्री हॉटेलात त्यांनी विचारलं, “आवाज तोच होता का?”

मी त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, “तोच. दादांच्या मागाचा.”

“लाकडाचा?”

“हो, लाकडाचा.”

नमस्कार.